एकच फुटकी टाईल बदलायला टाईल अ‍ॅडेसिव्ह (टाईल चिकटवायची पावडर) घ्यावं का?

घ्यावं, पण २० किलोची गोणी नको. बाथरूममधल्या १ बाय १ फुटाच्या सिरॅमिक टाईलला अर्धा ते पाऊण किलो पुरतं. उघडी गोणी घरात ठेवली तर नाशकातल्या एका पावसाळ्यात तिचा दगड होतो. ५ किलोचं पाकीट मिळालं तर उत्तम. नाहीतर सोसायटीत कुणाचं काम चालू असेल तिथून डबाभर मागून आणा.

पाकिटावर आयएस १५४७७ (टाईल अ‍ॅडेसिव्हचं भारतीय मानक) आणि टाईप बघा. सिरॅमिकला टाईप १ चालतं. व्हिट्रिफाइड टाईल पाणी जवळपास शोषतच नाही, तिला टाईप २ लागतं. दुकानदार बहुतेक वेळा जे संपवायचंय तेच पुढे करतो, त्यामुळे हे पाठ करूनच जा.

खरी गोम जुनी टाईल काढल्यावर पडणाऱ्या खड्ड्यात आहे. हा माल चिकटवायचा आहे, भरायचा नाही. नाशकात सिडकोतल्या जुन्या घरांत काय किंवा पंचवटीतल्या काय, फरशी सहसा इंच-दीड इंच सिमेंट-वाळूवर बसवलेली असते. टाईल उचकटली की खालचा थरही ढेकळं होऊन निघतो. तेवढी खोली अ‍ॅडेसिव्हने भरली तर ते आतून वाळायला वेळ घेतं, आकसतं आणि टाईल शेजारच्यांपेक्षा खाली जाते. म्हणून आधी १:४ सिमेंट-वाळूने खड्डा भरायचा आणि वर १२ मिलिमीटर मोकळं सोडायचं, म्हणजे टाईलचे ८ आणि अ‍ॅडेसिव्हचे ४. नवी टाईल हातात घेऊन जाडी मोजा, जुन्या-नव्यात मिलिमीटरभर फरक सहज निघतो. भरलेला थर एक दिवस तसाच राहू द्या.

फोडताना आधी चारही सांधे मोकळे करा. मग मधोमध ड्रिलने चार-पाच भोकं पाडून छिन्नी मधूनच कडेकडे चालवा. कडेखाली छिन्नी घालून उचकटायला गेलं की शेजारच्या टाईलची कपची उडते आणि एकाच्या दोन टाईल होतात. डोळ्यांना चष्मा हवाच. बाथरूममध्ये खोल जाऊ नका, खाली वॉटरप्रूफिंग असतं.

एक किलोला साधारण पाव लिटर पाणी, नेमका आकडा पाकिटावरचाच धरा. पाण्यात पावडर टाकायची, उलटं नाही. घोटून ५ मिनिटं ठेवा, पुन्हा एकदा घोटा. घट्ट व्हायला लागल्यावर वरून पाणी घातलं की पकड गेली. मिस्त्रीला सवयीने टाईल बादलीत बुडवायची असते, त्याला थांबवा. इथे ती कोरडीच लागते, खालचा पृष्ठभाग फक्त ओलसर हवा. आणि चार कोपऱ्यांना चार गोळे लावून टाईल दाबू देऊ नका. मध्ये पोकळी राहते, बोटाने ठोकलं की बद्द वाजते आणि भरलेली कळशी आपटली की तडकते. खाचेदार थापीने माल पूर्ण खड्डाभर ओढायला लावा.

सिमेंटच्या रबडीपेक्षा अ‍ॅडेसिव्ह भारी, विशेषतः भिंतीवर, कारण टाईल घसरत नाही. डिसेंबर-जानेवारीतल्या नाशिकच्या थंडीत मात्र २४ तासांनी सांध्यांत ग्राऊट भरायचा हिशेब चुकतो. तेव्हा ४८ तास धरा, आणि तोवर त्या कोपऱ्यात वॉशिंग मशीन सरकवू नका.