अभ्रकाचा साउंडबॉक्स की अॅल्युमिनियमचा?

चावीच्या ग्रामोफोनचा आवाज चिरका झाला की लोक साउंडबॉक्स, म्हणजे सुईची थरथर पडद्यावर घेऊन तिचा आवाज करणारी गोल डबी, बदलायला निघतात. हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीच्या यंत्रांवर मुख्यतः दोन जाती दिसतात. एक्झिबिशन आणि ४ नंबर यांत अभ्रकाचा पडदा असतो, तर ५ए आणि ५बी यांत अॅल्युमिनियमचा. ५ए १९२० च्या दशकाच्या अखेरीस आला.

आधी तुमच्या तबकड्या बघा. १९२५ मध्ये मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रण सुरू झालं. त्याआधी गाणारा थेट कर्ण्यात गात असे, म्हणून खर्ज आणि अगदी वरचे स्वर तबकडीत फारसे उतरतच नसत. गायिका गौहर जान यांनी १९०२ मध्ये कलकत्त्यात गायलेलं मुद्रण असंच. अशी गाणी अभ्रकावरच ऐकावीत, गळा समोर येतो. नंतरच्या तबकड्या मात्र अभ्रकावर कर्कश होतात, ५ए वर त्यांत तबल्याचा बायाही ऐकू येतो.

दुरुस्ती घरी करणार असाल, तर माझं मत सरळ अभ्रकाच्या बाजूने. पडद्याच्या दोन्ही अंगांना रबरी नळीची गास्केटं, म्हणजे पडदा घट्ट धरून हवा अडवणारी कडी, असतात. शंभर वर्षांत ती इतकी वाळतात की चिमटीत धरताच कुरडईसारखी मोडतात. चिरकेपणाचं मूळ बहुधा तिथेच असतं. मऊ नळी मापात कापा, टोकं नीट भिडवा, पडदा बरोबर मध्ये बसवा. सुईची दांडी पडद्याला जिथे स्क्रूने जोडलेली असते तिथे मधमाशीच्या मेणाचा एक थेंब सोडा, हवा गळत नाही. एक्झिबिशनमध्ये दांडीच्या दोन्ही स्प्रिंगांचा ताण सारखा हवा. दांडी पडद्याला ओढतही नाही, ढकलतही नाही, असा बिंदू सापडेपर्यंत स्प्रिंगांचे स्क्रू पाव-पाव फेरा फिरवा. घाई केली तर अभ्रकाला तडा जातो.

५ए उघडण्याआधी दहादा विचार करा. दांडी बारीक छर्‍यांवर फिरते; ते एकदा सांडले की शोधणं कठीण. पडदा कागदाइतका पातळ, बोट लागलं तरी चेपतो. या पिढीच्या जस्तमिश्र ओतीव धातूला वयाने भेगाही पडतात, म्हणून विकत घेताना मागची बाजू उजेडात धरून पाहा. भेग दिसली तर स्वस्तात मिळाला तरी नको.

माझ्याकडे दोन्ही आहेत. एकच घ्यायचा झाला आणि तबकड्या १९३०-४० च्या असल्या, तर चांगल्या स्थितीतला ५ए घ्या. पोलादी सुई मात्र दोन्हींवर तबकडीच्या प्रत्येक बाजूला नवीच लावा.