साबणाची वडी, सरंगा आणि उलटा 'र'

मे महिन्यात माहेरी सावंतवाडीला गेलं की लेकीचं काय करायचं हा दरवर्षीचा प्रश्न. मोती तलावाला दोन फेऱ्या, चितारआळीत लाकडी आंबे-केळी बघणं, की संपलं. आता ती चौदा वर्षांची. म्हणून यंदा तिला एका मेस्त्रीकाकांच्या पडवीत चालणाऱ्या लाकूड कोरण्याच्या वर्गात घातलं. आठ दिवस, रोज अडीच तास, दहा मुलं, फी १,८०० रुपये.

पहिल्या दिवशी बाईसाहेब अंगाच्या साबणाची अर्धवट कोरलेली वडी घेऊन घरी. "आई, अठराशे रुपयांत साबण?" मलाही जरा खटकलंच. पण साबणाला लाकडासारख्या रेषा नसतात, कुठूनही कापा, सारखाच कापला जातो. हातात जोर किती लावायचा तेवढंच त्यात शिकायचं. उरलेला वेळ पटाशीला, म्हणजे कोरायच्या छिन्नीला, धार लावण्यात. बोथट पटाशीला जोर जास्त लागतो आणि तीच निसटून हातावर येते, हे काकांनी मुलांकडून घोकून घेतलं.

मग पांगाऱ्याचा बांगडा. सावंतवाडीची खेळणी परंपरेने याच लाकडाची, हलकं आणि मऊ. लेकीने उलट्या रेषेत पटाशी घातली आणि शेपटाची ढलपीच उडाली. काका म्हणाले, "चेडवा, आधी लाकडाक इचार, ताका खंय जावचा आसा." शिरसाने चिकटवू दिलं नाही. पुढचा-मागचा भाग गोल करायला लावला, बांगड्याचा सरंगा, म्हणजे पापलेट, झाला.

माझी लेक डावखुरी. शाळेत याचं कुणाला सोयरसुतक नसतं. इथे दुसऱ्याच दिवशी काका तिच्या शेजारून उठले आणि समोर जाऊन बसले. म्हणाले, आरशात बघतेस असं समज. त्यांचा उजवा हात तिच्या डाव्यासमोर. अर्ध्या तासात तिची पकड बसली. या एका गोष्टीसाठी मी पैसे वसूल मानते.

शेवटचं काम शिवणीच्या ठोकळ्यावर छापा कोरायचं. तिने नावातला 'र' झोकात कोरला, शाई लावून कागदावर दाबला, तर 'र' तोंड फिरवून बसलेला! काकांना हे आधीच दिसत होतं म्हणे, मुद्दाम बोलले नाहीत. मग दुसरा ठोकळा दिला. कागदावर मऊ पेन्सिलीने अक्षर काढायचं, कागद ठोकळ्यावर पालथा घालून मागून नखाने घासायचं. अक्षर आपोआप उलटं उतरतं.

तक्रारी आहेत. दहा मुलांत धार लावायचा दगड एकच, सकाळचा पाऊण तास रांगेत. हातमोजे नाहीत, एका मुलाचा अंगठा कापला, थोडक्यावर निभावलं. मी लेकीला बाजारातून जाड मोजा आणून दिला, तुम्हीही सोबत न्या. आणि रंगकाम शेवटच्या दिवशी घाईघाईत उरकलं. पाचपैकी चार तारे.

ओला सरंगा लेकीने वर्तमानपत्रात गुंडाळून आणला. आता तो आजीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. पोटावर बातमीच्या दोन ओळी उमटल्यात, त्याही उलट्या. आजीने हातातला आरसा लावून वाचल्या: आंब्याचे भाव.