मोनो आउटपुट: काही महिन्यांच्या वापरानंतर

माइक आणि वाद्यांचे आवाज एकत्र करणाऱ्या काही साउंड मिक्सरच्या मागे, मुख्य स्पीकरला जाणाऱ्या डाव्या-उजव्या आउटपुटच्या म्हणजे मेनच्या शेजारी, 'मोनो' लिहिलेलं एक एक्सएलआर (तीन पिनांचं सॉकेट) असतं. बहुतेक जण ते रिकामंच ठेवतात. मी ते बरेच महिने जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमात वापरतोय. ॲनालॉग मिक्सर घेणाऱ्याला मी आता आधी एवढंच विचारतो, मोनो आउटपुट आहे का, आणि त्याला स्वतःचा लेव्हल नॉब आहे का?

सगळं मोल त्या नॉबचं आहे. माझ्या मिक्सरवर मेन फेडरनंतरचे (मुख्य आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या बटणानंतरचे) डावा आणि उजवा सिग्नल इथे एकत्र होतात. पहिल्या रांगेसमोरचे छोटे स्पीकर, बाहेरच्या दालनातला स्पीकर किंवा कॅमेऱ्याची लाइन, यांपैकी जे जोडलं असेल त्याचा आवाज मेनला हात न लावता कमी-जास्त करता येतो. मेन खाली घेतला की हेही खाली येतं, आणि कार्यक्रमात तेच हवं असतं. नॉब मात्र खालूनच चढवत न्यावा. दोन्ही बाजूंना सारखाच असलेला आवाज एकत्र झाला की ६ डेसिबलने वाढतो, वेगवेगळे आवाज साधारण ३ डेसिबलने. काही मिक्सर ही वाढ आतच कापतात, काही नाही.

हे आउटपुट नसेल तर दोन टोकं एकात आणणाऱ्या वाय केबलने डावं-उजवं जोडायचा मोह होतो. ते अजिबात करू नका. दोन आउटपुट एकमेकांवर जोर लावतात आणि आवाज फाटतो.

सगळ्यात जास्त शिकवलं ते पॅनने, म्हणजे आवाज डावीकडे-उजवीकडे सरकवणाऱ्या नॉबने. मधोमध ठेवलेला आवाज दोन्ही बाजूंना ३ डेसिबल कमी जातो, अशी अनेक मिक्सरची रचना असते. मोनोत त्या दोन बाजू जुळल्या की गायकाचा आवाज पूर्ण डावीकडे टाकलेल्या गिटारपेक्षा ३ डेसिबलने वर येतो. म्हणजे हॉलमध्ये मेनवर छान बसलेला मिक्स मोनोच्या स्पीकरवर तसाच राहत नाही. शब्द समजायला हे सोयीचं, पण बाजूला ढकललेली वाद्यं मागे पडतात. म्हणून मी आता पॅन थोडाच करतो. रुंद हॉलमध्ये कडेला बसलेल्या माणसाला तसाही एकच स्पीकर ऐकू येतो. त्याच्या वाट्याची गिटार दुसऱ्या बाजूला का ठेवायची? अशा जागी मी दोन्ही मेन स्पीकर सरळ मोनोवरच चालवतो, आणि ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने ते जास्त न्याय्य आहे असं मला मनापासून वाटतं.

कीबोर्डकडे मात्र लक्ष द्या. स्टिरिओ पियानो किंवा कोरस (आवाज दाट करणारा इफेक्ट) लावलेले टोन मोनोत एकत्र आले की काही फ्रिक्वेन्सी एकमेकांना खाऊन टाकतात आणि तोच पियानो पोकळ, लांबून आल्यासारखा वाटतो. डावा-उजवा दोन्ही पॅन मध्ये आणून हा प्रश्न सुटत नाही. कीबोर्डच्या मोनो जॅकमधून एकच केबल घ्यावी. बहुतेक कीबोर्डवर डावा जॅकच मोनोचाही असतो.

काही मिक्सरवर मोनोला लो-पासचं बटण असतं, म्हणजे त्यातून फक्त खालचा, खर्जाचा आवाज सबला (खर्जाच्या स्पीकरला) जातो. तात्पुरत्या कामाला ठीक, पण टॉप म्हणजे वरच्या मुख्य स्पीकरमधला खालचा आवाज त्याने कमी होत नाही, त्यामुळे त्या पट्ट्यात दोन्ही मिळून आवाज जाड होतो. खालचा आणि वरचा आवाज वेगळा करणारा क्रॉसओव्हर असेल तर तोच वापरा. आणि मोनोतून गाणं गायब झालं तर केबल बदलण्याआधी हे बटण बघा.

कॅमेऱ्याला देताना लेव्हलचा फरक सांभाळावा लागतो. मिक्सर देतो लाइन लेव्हल, म्हणजे माइकपेक्षा खूप मोठा सिग्नल, आणि कॅमेऱ्याचं इनपुट माइकवर असेल तर कॅमेऱ्याचा नॉब खाली आणूनही आवाज फाटतो. इनपुट लाइनवर टाका, तशी सोय नसेल तर मध्ये ४० डेसिबलचा पॅड (सिग्नल कमी करणारा जोड) लावा. कॅमेऱ्याकडची फँटम पॉवरही (केबलमधून माइकला दिली जाणारी वीज) बंद असू द्या.

मागच्या रांगांसाठी दूर ठेवलेल्या स्पीकरला हे आउटपुट एकटं पुरत नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ३४ मीटरवर जवळपास १०० मिलिसेकंदांचा उशीर. तेवढाच उशीर त्या स्पीकरला दिला तर मेनचा आणि त्याचा आवाज एकत्र पोहोचतो, आणि तो द्यायला मध्ये प्रोसेसर हवा. डिजिटल मिक्सरवर बहुधा ही सोय आउटपुटवरच मिळते.

एक उणीव राहतेच. माझ्या मिक्सरवर मोनोला म्यूट नाही आणि मीटरही नाही. तिथे किती जातंय ते हेडफोनमध्येही नीट कळत नाही. कार्यक्रमाआधी मी त्या स्पीकरपाशी स्वतः जाऊन उभा राहतो.