मॉडेल रेल्वे: एचओ स्केल (खऱ्याच्या 87 पट लहान), 18 इंची कर्व्ह आणि सहा अ‍ॅक्सलचं इंजिन: सात-आठ महिने वापरून

कपलर (डबे जोडणारा आकडा) तुटला म्हणून लिहायला बसलोय, नाहीतर रिव्ह्यू वगैरे लिहिणाऱ्यातला मी नाही. आयसीएफ टाइपच्या (आपल्या रेल्वेच्या जुन्या धाटणीच्या प्रवासी) डब्याचा कपलर, आणि दुकानदार म्हणतो वॉरंटीत बसत नाही कारण ‘मिसयूज’ झालाय. गोल ट्रॅकवर गाडी गोल फिरवली हा मिसयूज असेल तर मग विकली कशाला, कपाटात ठेवायला? दुकानाचं नाव लिहीत नाही, उगाच डोक्याला ताप नको.

सुरुवातीचा तयार सेट कसा येतो ते तुम्हाला माहीतच आहे. 18 इंच रेडियसचे बारा कर्व्ह, थोडे सरळ तुकडे, डीसी कंट्रोलर, चार अ‍ॅक्सलचं (म्हणजे चाकांच्या चार जोड्यांचं) छोटं इंजिन, आखूड मालडबे. 8 बाय 4 च्या प्लायवर आरामात बसतो आणि कडेला भरपूर जागा उरते. तेवढंच चालवत राहिलो असतो तर डोळे झाकून पाच स्टार दिले असते, 14 सेंटीमीटरचे ते मालडबे 18 वरून असे सुळकन जातात की बघतच बसावं. पण नाशिकरोडला राहून रोज सहा अ‍ॅक्सलची धुडं बघायची आणि घरी चिमुकलं इंजिन फिरवायचं, हे काही पटेना. म्हणून को-को (तीन-तीन अ‍ॅक्सलच्या दोन बोगींचं) डिझेल घेतलं आणि सोबत चार लांब डबे. खोक्यावर स्पष्ट छापलेलं, मिनिमम रेडियस 18 इंच.

माझं सगळं भांडण त्या एका ओळीशी आहे.

ओळ खोटी नाहीये, तीच तर गंमत. इंजिन एकटं सोडा, 18 वर बिनतक्रार फिरतं. उलटं धरून मधलं चाक बोटाने ढकलून बघा, आडवं सरकतं, तीन अ‍ॅक्सलच्या बोगीला (बोगी म्हणजे डबा नव्हे, खालचा वळणारा चाकांचा गाडा) आवळ कर्व्हवर बसता यावं म्हणून मुद्दाम ठेवलेला सैलपणा आहे तो. पण इंजिन एकटं फिरवायला कोण घेतं हो? मागे डबे लावले की दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला डबा खाली. तक्रार केली तर दुकानातून व्हिडिओ आला, इंजिन 18 वर फिरतंय, एकटंच, वर हेडलाइट चालू! म्हटलं अहो डबे लावून दाखवा की. तर ‘सर, ट्रॅक क्लीन करा.’ पुसला. मग ‘सर, फिशप्लेट (रुळाचे तुकडे जोडणाऱ्या पट्ट्या) चेक करा.’ त्याही केल्या. त्यानंतर ब्लू टिक, उत्तर नाही.

मग स्वतःच कागद-पेन्सिल घेतली. खरा आयसीएफ डबा 21.3 मीटर, 87 ने भागला की साडेचोवीस सेंटीमीटर. 18 इंच म्हणजे 45.7 सेंटीमीटर, म्हणजे रेडियस डब्याच्या दुप्पटही भरत नाही. या छंदातला चालता हिशोब असा की सगळ्यात लांब डब्याच्या निदान तिप्पट रेडियस हवा, बघायला बरं दिसायचं असेल तर चौपट-पाचपट. डब्याच्या दोन बोगी सेंटरमधलं अंतर मॉडेलमध्ये 17 सेंटीमीटर धरा, तर 18 वर डब्याचं पोट ट्रॅकच्या मध्यरेषेपासून आत जवळजवळ 8 मिलिमीटर येतं आणि टोकं बाहेर फेकली जातात. खरी वाट लागते ती कर्व्ह सुरू होतो तिथे, पुढच्या डब्याचं टोक बाहेर गेलेलं, मागचा अजून सरळ रुळावर, आणि दोघांच्या मधे बॉडीला पक्का बसवलेला कपलर. एकतर चाक उचललं जाणार नाहीतर कपलर जाणार. माझ्याकडे आधी चाक, मग कपलर.

खऱ्या रेल्वेशी तुलना तर करूच नका. ब्रॉडगेजला सगळ्यात आवळ कर्व्ह 10 डिग्रीचा (म्हणजे साधारण 30 मीटर लांबीत रूळ 10 अंश वळतो), रेडियस 175 मीटर, एचओमध्ये 2 मीटर! आपला 18 इंची उलट मोठा केला तर 40 मीटर होतो, तिथे खरी गाडी वळणारच नाही.

तर 22 इंची कर्व्ह बघितले. इथे खिशाचा प्रश्न, 18 चा तुकडा 30 डिग्रीचा म्हणून गोलाला बारा पुरतात, 22 चा साडेबावीस डिग्रीचा, त्याला सोळा लागतात, म्हणजे रेडियस चार इंचच वाढतो पण तुकडे चार जास्त. मी सोळा घेतले नाहीत, आठ घेतले. प्रत्येक अर्धगोलात सुरुवातीला दोन आणि शेवटी दोन 22 चे, मधे तीन 18 चे, बेरीज बरोब्बर 180. गाडी आधी हलकं वळते मग आवळ, आणि ज्या जागी डबे पडायचे तिथे पडायचे बंद झाले. निम्म्या खर्चात काम, त्या दिवशी मी भलताच खूश होतो.

इथपर्यंत लिहून मजकूर तसाच पडला होता, आता मत थोडं बदललंय. सुरुवात सुधारली पण मधल्या 18 च्या पट्ट्यात डब्यांची आतली कोपरं एकमेकांना घासतात, रंगावर ओरखडे आलेत. शेवटी उरलेले आठही घेतले. पूर्ण 22 वर मात्र फरक जाणवतो, इंजिनाचा कण्हल्यासारखा आवाज गेला आणि त्याच नॉबवर गाडी जास्त पळते. तरी हिशोबाने 22 सुद्धा डब्याच्या सव्वादोनपटच आहे, म्हणून कपलर बॉडीवरून काढून बोगीला लावले, आता ते चाकांबरोबर वळतात. आणि रोडबेड (रुळाखालची खडीची पट्टी) धरून 4 फुटाच्या प्लायवर कडेला जेमतेम इंचभर उरतं, सुताराकडून सगळीकडून बीडिंग पट्टी मारून घ्या, गाडी फरशीवर पडली तर दुरुस्ती पट्टीच्या दहापट.

बोगीच्या कपलरचा तोटा कुणी सांगत नाही तो सांगतो. ओढायला झकास, ढकलायला बेकार. मला कसारा घाट करायचा होता, 1:37 चा चढ आणि मागे बँकर (मागून ढकलणारं जादा इंजिन). आठ फुटात साडेसहा सेंटीमीटर चढ, तेवढा जमवला, पण मागून इंजिन लावलं की ढकलण्याचा जोर बोगीवर येऊन ती तिरकी होते आणि कर्व्हवर मधलाच डबा उतरतो. सरळ चढावर चालतं. घाट करणार असाल तर चढ आणि कर्व्ह एकत्र आणू नका, खरी रेल्वेसुद्धा कर्व्हवर चढ कमी करते, ब्रॉडगेजला दर डिग्रीमागे 0.04 टक्के.

एस कर्व्ह करायचा असेल तर डावं वळण आणि उजवं वळण यांच्या मधे निदान एका डब्याएवढा सरळ तुकडा घाला, बस्स. आणि स्टीलचा ट्रॅक नाशिकच्या पावसाळ्यात घेऊ नका, माझे जुने सरळ तुकडे गंजलेत, निकेल सिल्व्हरला (तांबं-निकेलच्या मिश्रधातूच्या ट्रॅकला) काही झालं नाही.

स्टार: इंजिनाला चार, 22 च्या ट्रॅकला चार, खोक्यावरच्या त्या ओळीला शून्य, ‘मिनिमम रेडियस’खाली ‘फक्त इंजिनासाठी’ एवढं छापायला किती शाई लागते? लांब डब्यांसाठी घेताय तर 22 च्या खाली जाऊच नका, जागा असेल तर थेट 28-30 ला हात घाला. मला ते जमणार नाही, त्याला प्लायच दुसरा लागेल आणि आहे त्या प्लायवरूनच घरात ‘अहो, हॉल कधी मोकळा होणार’ सुरू आहे.

18 चे बारा तुकडे विकायचे आहेत, निकेल सिल्व्हर, क्लिप शाबूत. आखूड डबे चालवणारं कुणी नाशिकचं असेल तर कमेंट करा, समोर चालवून दाखवीन, मागे डबे लावून. बाहेरगावच्यांनी कुरियरचा खर्च स्वतः करायचा, भावात घासाघीस नको.