अचानक आलेले तीस हजार: कॅनू कॅम्पिंगचं काय बदलावं, काय राहू द्यावं

महागाई भत्त्याचा फरक जमा होतो, भिशी लागते, किंवा बोनस अपेक्षेपेक्षा जाड निघतो. घरात कुणाला सांगायच्या आधीच मनात नवी होडी तरंगू लागते. इथे असं धरलंय की सुरुवातीचं सामान तुमच्याकडे आहे: दोघांची हवेने फुगवायची कॅनू (वल्ह्याची अरुंद होडी), तिच्यासोबत आलेली ॲल्युमिनियमची वल्ही, ऑनलाइन सेलमधला तंबू, फोमची चटई आणि कपडे कोरडे ठेवायला काळ्या कचऱ्याच्या पिशव्या. हातात साधारण ३० हजार. ऑक्टोबर ते मार्च या काळात चार-पाच फेऱ्या. भंडारदरा, मुळशी किंवा कोयनेच्या बॅकवॉटरला बामणोली-तापोळ्याकडे. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तलावांत होडी घालायचा विचार करू नका, आणि बाकी ठिकाणीही परवानगीचं आधी विचारून घ्या.

परदेशी याद्या समोर ठेवून खरेदी केली तर निम्मे पैसे थंडीशी लढण्यात जातात. आपल्या सामानाचा शत्रू दमटपणा आहे, आणि तो पाण्यावर कमी, पावसाळ्याचे चार महिने माळ्यावर जास्त गाठतो. दुसरी अडचण जागेची. तेव्हा दमट हवा, छोटं घर आणि रस्त्यापासून पाण्यापर्यंत सगळं पाठीवर नेणं, या तीन गोष्टींच्या हिशेबाने बघू.

नवी होडी की नवं वल्हं

फायबरची चौदा-सोळा फुटी कॅनू लिफ्टमध्ये जात नाही आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवली की पुढच्या मीटिंगचा विषय होते. म्हणजे प्रश्न साध्या हवेच्या होडीवरून ड्रॉप-स्टिच तळाच्या होडीवर जायचं का, एवढाच उरतो.

फरक खरा आहे. साध्या होडीच्या नळ्यांत १ ते ३ पीएसआय दाब भरतात. ड्रॉप-स्टिच तळात वरचा आणि खालचा थर हजारो धाग्यांनी एकमेकांना बांधलेला असतो, त्यामुळे तो ६ ते १० पीएसआय घेतो आणि फळीसारखा कडक होतो. दोन माणसं आणि ४० किलो सामान बसलं की साधी होडी मध्ये खचते, दोन्ही टोकं केळ्यासारखी वर येतात आणि दुपारचा वारा नेमका त्या टोकांना धरतो. कडक तळाची होडी खचत नाही, सरळ जाते.

पण चांगली ड्रॉप-स्टिच घेतली तर तीस हजार तिच्यातच संपतात, आणि कचऱ्याच्या पिशव्या तशाच राहतात. त्याआधी फुकटचे उपाय करून बघा. बहुतेक होड्या खचतात त्या कमी हवेमुळे. किनाऱ्यावर सकाळी भरलेली हवा गार पाण्यात आकसते; पाण्यात दहा मिनिटं गेली की परत किनाऱ्याला लावून दोन-चार पंप मारा. उलट भर दुपारी होडी किनाऱ्यावर ओढली की थोडी हवा सोडा, नाहीतर तापून शिवण सुटते. होडीवर छापलेल्या वजनाच्या दोन-तृतीयांशावर थांबा. तळाला मागे लावायची छोटी फिन (पंखासारखी पट्टी) हरवली असेल तर आधी ती आणा. होडी गोल गोल फिरते याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं.

आता वल्हं. किटमधल्या दुहेरी पात्याच्या ॲल्युमिनियम वल्ह्याचं वजन सव्वा किलोच्या आसपास असतं. फायबरग्लास दांडा आणि नायलॉन पात्याचं वल्हं साधारण ९०० ग्रॅम. तीनशे-साडेतीनशे ग्रॅमने काय होतं? मिनिटाला ४५ हात धरले तर तासाला २,७०० हात, तीन तासांत ८,१००. प्रत्येक हाताला ३०० ग्रॅम धरा, म्हणजे दिवसाला सुमारे २,४०० किलो. हा कागदावरचा हिशेब आहे, दर वेळी पूर्ण वजन उचललं जात नाही. पण संध्याकाळी तंबू ठोकताना खांदा काय म्हणतो ते याच आकड्यावरून कळतं. ॲल्युमिनियमचं दुसरं दुखणं जोडाचं. चार तुकड्यांचं वल्हं वर्षभरात सांध्यात खेळू लागतं, आणि मनोरी-गोराईच्या खाडीत एकदा फिरवून गोड्या पाण्याने धुतलं नाही तर सांधा आतून पांढरा पडून अडकतो.

एकेरी की दुहेरी? होडीत खाली बसत असाल तर दुहेरी. ८०-९० सेंमी रुंद होडीला २३० ते २४० सेंमी लांबी लागते, आखूड घेतलंत तर बोटं काठावर घासतात. बाकावर उंच बसत असाल तर एकेरी बरं, मांडीवर पाणी ठिबकत नाही. एकेरीचं माप असं: सपाट खुर्चीवर ताठ बसा आणि बैठकीपासून नाकापर्यंत मोजा. मुठीपासून पातं सुरू होतं तिथपर्यंतचा दांडा तेवढा हवा. कार्बनच्या वाटेला या बजेटमध्ये जाऊ नका. जुनी वल्ही फेकू नका, एक सुटं वल्हं होडीत बांधून ठेवायचंच असतं.

आमचा कल वल्ह्याकडे आहे. होडी पुढच्या बोनसला.

लाइफ जॅकेट: इथे तडजोड नाही

पर्यटक बोटींत मिळतात तशी नारिंगी, तीन फोमच्या वड्यांची जॅकेटं असतील तर पहिला खर्च हाच. आतल्या लेबलवर न्यूटनमध्ये उत्प्लावकता, म्हणजे तरंगत ठेवण्याची ताकद, लिहिलेली असते. ५० न्यूटन हे पोहता येणाऱ्यासाठी आणि मदत जवळ असेल तिथे. १०० न्यूटनच्या जॅकेटला मानेमागे कॉलर असते, ते तोंड वर ठेवायला मदत करतं. पण वल्हं मारताना छातीशी आणि मानेशी अडतं, म्हणून लोक काढून सीटखाली ठेवतात. सीटखाली ठेवलेल्या १०० न्यूटनपेक्षा अंगातलं ७० चांगलं. पोहता येत असेल तर ७० च्या आसपासचं, मोकळ्या बगलांचं, पुढे चेनचं घ्या. येत नसेल तर १०० चंच, अडलं तरी चालेल.

दुकानात चाचणी: सगळे पट्टे आवळा आणि सोबत्याला खांद्यांना धरून जॅकेट वर ओढायला सांगा. ते कानापर्यंत आलं तर सैल आहे. जुन्या जॅकेटचा फोम बोटाने दाबा. खड्डा तसाच राहिला तर त्याचं आयुष्य संपलं.

पिंप की ड्राय बॅग

कॅनूवाल्यांचं जगभरचं आवडतं भांडं म्हणजे निळं प्लास्टिकचं पिंप, झाकणाला रबरी गॅस्केट आणि भोवती लोखंडी कडीची क्लिप. ३० लिटरचं साधारण दोन किलो भरतं. उलटलं तरी तरंगतं, वर बसता येतं, आणि रात्री कुत्रा किंवा माकड आलं तर तांदूळ-बिस्किटं सुरक्षित राहतात. ड्राय बॅग (तोंड गुंडाळून बंद करायची जलरोधक पिशवी) याबाबतीत कुचकामी, दातांपुढे कापड टिकत नाही.

पिंपाचे तोटे: गोल असल्याने अरुंद हवेच्या होडीत जागा वाया जाते, आणि रस्त्यापासून पाण्यापर्यंत अर्धा किलोमीटर चिखलातून नेताना हाताला काच पडतो. त्याला पाठीचा पट्टा लागतो. जुन्या सॅकचे बंद शिवून घेतले तरी भागतं. धारावी-कुर्ल्याकडे जुनी पिंपं स्वस्तात मिळतात, पण आधी त्यात काय होतं ते विचारा. झाकण उघडून गॅस्केटचा वास घ्या. केमिकलचा वास एकदा रबरात मुरला की सोड्याने धुऊनही जात नाही. अन्नासाठी नवंच घ्या.

ड्राय बॅगमध्ये दोन जाती. ५०० डी (डेनियर, धाग्याच्या जाडीचं माप) पीव्हीसीची जाड, ताडपत्रीसारखी: स्वस्त, घासलं तरी फाटत नाही, पण जड आणि घडीवर काही वर्षांनी चिरते. टीपीयू (रबरासारखं लवचिक प्लास्टिक) लावलेल्या नायलॉनची: हलकी, मऊ, महाग. होडीत तळाशी जाणाऱ्या बॅगेला पीव्हीसी, तिच्या आत कपडे-पांघरुणाला पातळ टीपीयू. तोंड तीन ते चार वेळा गुंडाळायचं आणि त्याआधी गुडघ्याने दाबून हवा काढायची. दोनच वळसे घेतले तर होडी उलटल्यावर दहा मिनिटांत पाणी आत, आणि मग दोष बॅगेला दिला जातो. मोठी ६० लिटरची एक घेण्यापेक्षा २०-२० च्या तीन घ्या. होडीच्या नाकात आणि शेपटीत त्या बसतात.

घरी पिंपाचा आणखी एक उपयोग. पावसाळ्यात चटई, दिवे, स्टोव्ह त्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद करा, माळ्यावरची बुरशी आत शिरत नाही. ओलसर तंबू मात्र त्यात चुकूनही नको.

तंबू बदलायचा का? आधी हात फिरवून बघा

माळ्यावरून तंबू काढा, बाहेरच्या कापडाच्या आतल्या बाजूवर हात फिरवा. चिकट लागलं, आंबूस वास आला, शिवणीवरची टेप पापुद्र्यासारखी सुटली, तर तो गेला. स्वस्त तंबूंना पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा थर असतो आणि दमट हवेत पाण्याच्या वाफेनेच तो रासायनिकरीत्या तुटत जातो. मुंबईत हे नेहमीचंच, आणि तंबू एकदाही न वापरता होतं. त्यावर स्प्रे मारून फार तर एक मोसम निघतो.

कापड कोरडं, गुळगुळीत असेल तर बदलू नका. गच्चीवर उभा करून पाइपने दहा मिनिटं पाणी मारा, शिवणीतून ठिबकेल तिथे सीलर लावा.

बदलायचाच असेल तर सिलिकॉन लावलेलं कापड दमट हवेत फार जास्त टिकतं, पण महाग, आणि बहुतेकांच्या शिवणी स्वतः सिलिकॉनने बंद कराव्या लागतात. पॉलिएस्टरचं पॉलियुरेथेनवालं स्वस्त, दवाने सैल पडत नाही. मात्र प्रत्येक फेरीनंतर पंख्याखाली पूर्ण सुकवण्याची शिस्त हवी. ज्यांच्या घरात तंबू पसरायला हॉल मोकळा होत नाही त्यांनी सिलिकॉनकडे बघावं. ५,००० मिमी जलरोधक (कापड किती उंच पाण्याचा दाब सोसतं ते) वगैरे आकड्यांना भुलू नका. हिवाळ्यात २,००० पुरे. पाण्याकाठी खरा त्रास आतल्या दवाचा असतो, म्हणून आतला तंबू जाळीचा आणि दोन्हीकडून उघडणारा हवा. शिवाय स्वतःच्या काड्यांवर उभा राहणारा घ्या. धरणाकाठची जमीन वाळलेला, भेगाळलेला चिखल किंवा मुरूम असते, हलक्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातले सहा इंची खिळे जास्त कामाचे.

हॅमॉक, म्हणजे झाडांना बांधून झोपायची झोळी, सुटसुटीत दिसतो, पण त्याला चार-पाच मीटर अंतरावरची दोन दणकट झाडं हवीत. भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाचं पाणी शेतीला सुटतं तसा काठ खाली सरकतो आणि उघडा पडतो. मार्चमध्ये पाण्यापासून झाडापर्यंत चांगलीच चाल होते. कोलाडला कुंडलिकेकाठी उलट भीती: भिऱ्याच्या जलविद्युत प्रकल्पातून पाणी सुटलं की पातळी वर येते, तेव्हा तंबू असो वा हॅमॉक, काठापासून उंचावर.

वरच्या आडोशाला महाग टार्प घेऊ नका. दर मे महिन्यात आपल्या इमारतींवर चढते तीच निळी ताडपत्री चालते. १२० जीएसएमची (चौरस मीटरला १२० ग्रॅम) ३ बाय ४ मीटर म्हणजे दीड किलोच्या आत. सिलनायलॉनचा (सिलिकॉन लावलेल्या नायलॉनचा) टार्प त्याच्या निम्म्याने हलका, पण होडीत तेवढा फरक चालून जातो.

झोप

हवेच्या गादीवर पाठ सुखावते, पण बाभळीचा एक काटा आणि पहाटे तुम्ही जमिनीवर. घडीच्या फोम चटईला काटा लागत नाही. तिची आर-व्हॅल्यू (जमिनीचा गारवा अडवण्याचं माप) २ च्या आसपास असते आणि आपल्या डिसेंबरला ती पुरते. पैसे असतील तर फोम खाली आणि वर पातळ हवेची गादी. ४-५ आर-व्हॅल्यूवर खर्च करणं म्हणजे दादरमध्ये हीटर घेणं. स्लीपिंग बॅग सिंथेटिक, १० अंशांच्या आरामाची; पिसांची बॅग दमटपणात गोळा होते. गोधडी ऊबदार, पण एकदा भिजली की दोन दिवस सुकत नाही.

चूल आणि पाणी

ब्यूटेन शून्याच्या किंचित खाली उकळतं, म्हणून युरोपात हिवाळ्याला आयसोब्यूटेनचं महाग मिश्रण वापरतात. आपल्याला गरज नाही. हॉटेलवाले वापरतात तो लांबट २२०-२३० ग्रॅमचा ब्यूटेन डबा आणि सपाट स्टोव्ह पुरे. तो मोठ्या आचेवर दीड-दोन तास चालतो. वर एवढं मोठं पातेलं ठेवू नका की डब्याच्या कप्प्यावर आच येईल. ट्रेनमधून गॅसचे डबे नेणं गुन्हा आहे. लोकलने-एसटीने जाणाऱ्यांनी डबा त्या गावाकडेच घ्यावा. पाण्याचा ०.१ मायक्रॉनचा फिल्टर जिवाणू अडवतो, विषाणू नाही. काठावर गावं आणि गुरं असतात, तेव्हा गाळून मग उकळा किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा.

पैशांची वाटणी

तीस हजारांत: दोन लाइफ जॅकेटं ८ हजार, दोन वल्ही ९, पिंप आणि तीन ड्राय बॅगा ५, चटया ३, आणि १ हजारात तरंगणारा पॉलिप्रॉपिलीनचा १५ मीटर दोर, शिट्या, क्लोरीनच्या गोळ्या. उरलेले ४ राखून ठेवा. तंबू चिकट निघाला तर एकच नवं वल्हं आणि जुन्या चटया; म्हणजे तंबूला साडेअकरा हजार मिळतात. हातात बाराच हजार असतील तर जॅकेटं, पिंप, एक ड्राय बॅग आणि दोर. दोर घेताना नायलॉनचा देतील, तो बुडतो; दुकानातच बादलीत टाकून बघा.