नंबर मायनस आठच्या पुढं असंल तर लेसर का आयसीएल (डोळ्याच्या आत बसवायची लेन्स)?

लातूर-नांदेडकडं बारावी, नीट झाली की लेकरं चष्मा काढायचं बघायलेत आणि पहिला प्रश्न एकच, लेसरला किती लागतात. नंबर दोन-तीन असंल तर ठीक, पण आठ-दहा असंल तर आधी कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराची) जाडी किती ते विचारा, पैशाचं मग.

हिशोब करून बघा. समजा कॉर्निया 520 मायक्रॉन (म्हणजे 0.52 मिलीमीटर), नंबर मायनस नऊ. लॅसिक म्हणजे नेहमीच्या लेसरमध्ये वरचा फ्लॅप (कॉर्नियाचा उचलायचा पातळ पापुद्रा) साधारण 110 चा, खाली एका नंबरामागं ढोबळ 14 मायक्रॉन जातात म्हणजे 126. उरले 284. किमान 250 तरी उरावेच लागतात, बरेच डॉक्टर 300 धरतात. आता तोच कॉर्निया 480 असंल तर उरतात 244, मग लेसरचा विषयच नाही, कारण कमजोर झालेला कॉर्निया पुढं फुगू शकतो आणि तो त्रास चष्म्यानं नीट होत नाही.

स्माइल या दुसऱ्या लेसर प्रकारात फ्लॅप नसतो, छोट्या चिरेतून आतला पातळ तुकडा काढतात, डोळे कोरडे पडायचा त्रास लॅसिकपेक्षा कमी. आपल्याकडचं ऊन आणि धूळ बघता ही मोठी गोष्ट आहे, आणि कबड्डी-कुस्ती खेळणाऱ्यानं तर फ्लॅपवालं टाळावंच, मार लागून फ्लॅप नंतरही सरकू शकतो. पण जाडी स्माइलमध्येही खर्च होतेच आणि मायनस दहाच्या पुढं ते करत नाहीत. पीआरके हा वरूनच लेसर मारायचा प्रकारही फ्लॅपशिवाय असतो, पण चार-पाच दिवस चांगलंच दुखतं आणि मोठ्या नंबरात कॉर्नियावर धूसरपणा येण्याची भीती जास्त.

आयसीएलमध्ये कॉर्निया घासतच नाहीत, बुबुळाच्या मागं लेन्स बसवतात आणि गरज पडली तर काढता येते. दहाच्या पुढच्या नंबराला मला हेच बरं वाटतं, नजरही जास्त स्वच्छ मिळते. मात्र हे डोळ्याच्या आतलं ऑपरेशन आहे, लेन्स बसायला पुढं जागा लागते (साधारण 2.8 ते 3 मिलीमीटर), मोतीबिंदू व्हायचा किंवा डोळ्याचं प्रेशर वाढायचा थोडा धोका राहतो म्हणून दरवर्षी तपासणी चुकवायची नाही, आणि खर्च लेसरपेक्षा बराच जास्त.

खर्चावरून सांगतो, आरोग्य विम्यात 7.5 पेक्षा कमी नंबराचं ऑपरेशन वगळलेलं असतं. तुमचा त्याच्यावर असंल तर डॉक्टरकडून नंबर लेखी घ्या आणि ऑपरेशनच्या आधीच कंपनीला विचारा.

कोणतंही करा, नंबर वर्षभर स्थिर पाहिजे, मोजमापाच्या आधी एक-दोन आठवडे कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवा. आणि पडद्याची तपासणी थेंब टाकून करूनच घ्या. मोठ्या मायनस नंबरात डोळा लांब झालेला असतो, चष्मा गेला तरी ती लांबी तेवढीच राहते, पडदा फाटायचा धोका जात नाही, म्हणून एकदम चमक किंवा काळे ठिपके दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. थेंब टाकल्यावर दोन-चार तास धूसर दिसतं, तपासणीला संभाजीनगरला जायचं असंल तर सोबत कुणाला तरी न्या, स्वतः गाडी चालवून येऊ नका.