जुन्या होव्हरबोर्डच्या मोटरवर व्हीलचेअर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मोटर पास, ब्रेक नापास. होव्हरबोर्डच्या साडेसहा इंची हब मोटरची (चाकाच्या आतच बसवलेली मोटर) जोडी घरातल्या सपाट फरशीवर माणसासकट 110 किलो वजन विनातक्रार ओढते, आवाजही फारसा नाही. पण हिला स्वतःचा ब्रेक नाही. मोटर चालवणारा सर्किट बोर्ड बंद झाला की चाकं मोकळी. 1:12 च्या रॅम्पवर (12 फुटांत 1 फूट चढ) हेच वजन साधारण 9 किलोच्या जोराने खाली ओढलं जातं, खुर्ची गडगडायला तेवढं भरपूर झालं. म्हणून मूळ खुर्चीचे हाताने लावायचे ब्रेक फेकू नका. नव्या टायरवर दाबले जातील असे खाली सरकवून वेल्डिंग करून घ्या. इमर्जन्सी बटणाने आधी वेग शून्यावर यायला हवा. बटण थेट बॅटरी तोडत असेल तर उतारावर खुर्ची थांबत नाही, सुटते.

उतारावरची दुसरी गोम बॅटरीत आहे. मोटर वेग रोखते तेव्हा वीज उलटी पॅककडे जाते. 36 व्होल्टचा पॅक 42 पर्यंत ठासून भरलेला असेल तर तिला जागाच नसते. बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, चार्जिंग तोडतो आणि नेमका तेव्हाच मोटरचा रोध जातो. चार्जिंग 40 व्होल्टवर थांबवा. रेंज थोडी घटते, घटू दे.

मोटरचा आस एकाच बाजूने धरलेला असतो आणि वायरी त्याच्याच पोटातून बाहेर येतात. नुसत्या यू-बोल्टने आवळला तर जोर आला की आस पकडीत फिरतो, हॉल सेन्सरच्या (चाक कुठे आहे ते चुंबकावरून ओळखणारा सेन्सर) बारीक वायरी पिळून तुटतात आणि चाक फिरायचं सोडून जागच्या जागी थरथरतं. होव्हरबोर्डमधले मूळ क्लॅम्पच कापून वापरा.

होव्हरबोर्डच्या मूळ सर्किट बोर्डवर एसटीएम32 ही कंट्रोलर चिप असेल तर ओपन सोर्स एफओसी फर्मवेअर (मोटर मऊ चालवणारा चिपमधला प्रोग्राम) बसतं. एसटी-लिंक या प्रोग्रॅमरने आधी चिपचा लॉक काढायचा, नवा प्रोग्राम फ्लॅश होईपर्यंत पॉवर बटण दाबून धरायचं. सेन्सर केबलची लाल वायर 5 व्होल्टची वाटते, असते 15 ची. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला लावलीत तर तो खलास.

आता खुर्चीने घरात स्वतःहून वाट काढत फिरण्याबद्दल. चाकाच्या एका फेरीत 90 हॉल पल्स, परीघ 52 सेमी, म्हणजे दर पल्सला जेमतेम 6 मिमी. अंतराला हे पुरेसं आहे. वळताना मात्र टायर फरशीवर घसरतो आणि कोन चुकत जातो, त्यामुळे आयएमयू (वळण मोजणारा सेन्सर) हवाच. आरपीलिडार ए1 हा फिरता लेझर सेन्सर खोलीचा नकाशा छान काढतो, पण बघतो एकाच पातळीत. जेवणाच्या टेबलाचे त्याला चार पाय दिसतात, कड बसलेल्याच्या गुडघ्याला लागते. दारातल्या चपला आणि उंबरठा त्याच्या पातळीच्या खाली राहतात, कपाटाच्या आरशात त्याला आणखी एक खोली दिसते. पायरी ओळखायला पुढे तिरका खाली रोखलेला व्हीएल53एल0एक्स हा अंतर मोजणारा सेन्सर पॉलिशच्या काळ्या कडप्प्याला खड्डा समजून थांबतो. वैताग येतो, तरी थांबण्याची अंतराची मर्यादा ढिली करू नका. आणि जिन्याची बाजू सेन्सरच्या भरवशावर सोडूच नका. तिथे गुडघाभर उंचीचं फाटक लावा.